डिलीट केलेल्या चॅट साडेचार महिने कुठे होत्या

१३ मे २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्ट फेडरल न्यायालयात मॅजिस्ट्रेट न्यायाधीश ओना वांग यांनी ओपनएआयला आदेश दिला. चॅटजीपीटीच्या उत्तरांच्या ज्या नोंदी एरवी पुसल्या गेल्या असत्या, त्या सगळ्या यापुढे जपून, वेगळ्या काढून ठेवायच्या, न्यायालय पुढचं काही सांगेपर्यंत. वापरकर्त्याने स्वतः पुसायला सांगितलं असलं किंवा एखाद्या गोपनीयता कायद्यानुसार पुसणं भाग असलं, तरीसुद्धा. ही जबाबदारी २६ सप्टेंबर २०२५ला संपली. मधल्या साडेचार महिन्यांत डिलीटचं बटण नेहमीसारखंच चालत होतं. चॅट डावीकडच्या यादीतून नाहीशी व्हायची, सर्व्हरवर मात्र राहायची.

चॅटबॉटमध्ये आपण लिहिलेल्या मजकुराचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं उपयोगी दुसरं प्रकरण नाही. इथे काहीही फुटलं नाही, कुणी हॅकिंग केलं नाही, कंपनीने गुपचूप धोरणही बदललं नाही. सगळं कायद्याच्या चौकटीत, उघड्यावर झालं, म्हणून प्रत्येक पायरी तपासता येते.

मूळ दावा २७ डिसेंबर २०२३चा. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर कॉपीराइटभंगाचा खटला भरला आणि पुढे इतर वृत्तसंस्थांचे व लेखकांचे दावे त्याला जोडले गेले. चॅटजीपीटी टाइम्सचे लेख जवळजवळ जसेच्या तसे ओकतो, हे दाखवायला वादींनी नमुने जोडले होते. ओपनएआयने उत्तर दिलं की हे नमुने मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारून काढलेले आहेत, सर्वसाधारण माणूस असं वापरतच नाही. वाद इथे आला की खऱ्या वापरकर्त्यांच्या नोंदी पाहण्यावाचून निवाडा होत नाही. त्यात वादींचं म्हणणं असं होतं की पैसे न भरता लेख वाचण्यासाठी चॅटजीपीटी वापरणारा माणूस ती चॅट पुसून टाकण्याची शक्यता जास्त, म्हणजे नेमका पुरावाच रोज नष्ट होतो आहे. न्यायाधीशांनी जानेवारी २०२५मध्येच विचारलं होतं की पुसायला सांगितलेल्या नोंदी वेगळ्या काढता येतील का, किंवा ओळख झाकून ठेवता येतील का. त्यावर समाधानकारक उत्तर आलं नाही आणि मग सरसकट आदेश निघाला. आदेश व्यापक होण्यामागचं हे कारण बातम्यांमध्ये फारसं आलं नाही, पण ते महत्त्वाचं आहे. ओळख वेगळी करण्याची सोय कंपनीने आधीपासून तयार ठेवली असती, तर निदान मधला मार्ग मागायला जागा होती.

आता एक चॅट घेऊन तारखा लावून पाहू. समजा, नाशिकमधल्या एका सीएच्या ऑफिसात १० एप्रिल २०२५ला कुणीतरी अशिलाला आलेली जीएसटीची नोटीस चॅटजीपीटी प्लसमध्ये चढवली आणि उत्तराचा मसुदा करून घेतला. काम झालं, २० एप्रिलला चॅट डिलीट केली. ओपनएआयच्या धोरणाप्रमाणे ती लगेच खात्यातून दिसेनाशी झाली आणि ३० दिवसांच्या आत कायमची पुसण्याच्या रांगेत लागली, म्हणजे फार तर २० मेपर्यंत. पण १३ मेला आदेश आला. रद्दीवाल्यासाठी बाजूला बांधून ठेवलेला गठ्ठा तो येण्याआधीच सील व्हावा, तसं हे झालं. डिलीट करून तीन आठवडे उलटून गेले होते तरी ही चॅट आदेशात सापडू शकते. त्याच ऑफिसाने मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुसलेली चॅट मात्र मुदतीप्रमाणे एप्रिलमध्येच गेली असणार. जे उरलेलंच नाही ते जपायचा आदेश देता येत नाही. नंतर ओपनएआयने स्वतःच सांगितलं की त्यांच्याकडे वेगळा राहिलेला साठा एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या काळातला आहे. आदेश मेचा आणि साठा एप्रिलपासूनचा, तो या ३० दिवसांच्या रांगेमुळे.

टेम्पररी चॅटचंही हेच झालं. ही चॅट इतिहासात दिसत नाही, मॉडेलच्या प्रशिक्षणात जात नाही, पण सुरक्षिततेच्या कारणासाठी तिची प्रत ३० दिवसांपर्यंत राहते. म्हणजे तीही रांगेतच होती. ‘टेम्पररी’ म्हणजे कुठेच नोंद होत नाही, असा समज करून त्यात आजारपणाचे रिपोर्ट, घटस्फोटाच्या नोटिसा टाकणारे पुष्कळ लोक आहेत.

यात कंपनीने दिलेला शब्द मोडला का? धोरण नीट वाचलं तर नाही. ३० दिवसांच्या त्या वाक्याला आधीपासूनच अपवाद जोडलेला होता: सुरक्षितता किंवा कायदेशीर जबाबदारीसाठी ठेवणं भाग असेल तर जास्त काळ ठेवू. हे कलम जवळपास प्रत्येक सेवेच्या धोरणात असतं. बँकेच्याही, मोबाइल कंपनीच्याही. फरक एवढाच की बँकेला आपण आपलं दुखणं सांगत नाही.

आदेशाच्या कक्षेत कोण आलं आणि कोण सुटलं, इथे या प्रकरणाचा खरा धडा आहे. फ्री, प्लस, प्रो आणि टीम ही खाती सापडली. नेहमीच्या एपीआयवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला ओपनएआयचं मॉडेल वापरू देणाऱ्या जोडणीवर, आपलं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्याही सापडल्या, म्हणजे त्या अ‍ॅपचे ग्राहकही, ज्यांनी ओपनएआयचं नावदेखील ऐकलं नसेल. सुटले ते एंटरप्राइज आणि एज्यु हे करार असलेले ग्राहक (एंटरप्राइजबद्दलचा खुलासा न्यायालयाने २७ मेला केला) आणि ‘झीरो डेटा रिटेन्शन’ मंजूर करून घेतलेले एपीआय ग्राहक. या शेवटच्या गटाचं सुटणं सगळ्यात पक्कं होतं, कारण त्यांचा मजकूर उत्तर देऊन झाल्यावर साठवलाच जात नाही. तो वाचवायला वकील लागला नाही, खुलाशाची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून चॅटबॉटची गोपनीयता तपासताना ‘प्रशिक्षणाला वापरता का’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की उत्तर आल्यावर मजकूर कुठल्या डिस्कवर, किती दिवस राहतो? भारतात या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. प्रशिक्षणाचा पर्याय बंद केला की साठवण थांबली, असं धरून चालतात. तो पर्याय बंद असला तरी चॅट इतिहासात जशीच्या तशी असते.

सामान्य वापरकर्त्यांपैकी काहींनी न्यायालयात अर्ज करून मध्ये पडायचा प्रयत्न केला. हा सामूहिक पाळतीचा प्रकार आहे, असा त्यातला एक मुद्दा होता. तो न्यायालयाने मानला नाही: नोंदी कंपनीकडेच आहेत आणि हेतू एका खटल्यातला पुरावा टिकवण्याचा आहे. ओपनएआयची हरकत जिल्हा न्यायाधीश सिडनी स्टाइन यांनी २६ जूनला फेटाळली. त्याच महिन्यात सॅम ऑल्टमन यांनी जाहीरपणे मांडलं की एआयशी बोलणं हे वकिलाशी किंवा डॉक्टरशी बोलण्यासारखं संरक्षित असायला हवं. मागणी रास्त आहे. पण ती अजून मागणीच आहे. आपल्याकडे अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२चं संरक्षण आहे. वकिलाला भेटण्याआधी आपली बाजू चॅटबॉटसमोर मांडून पाहिली, तर त्या मजकुराला असं कुठलंच कवच आपोआप मिळत नाही.

सप्टेंबरअखेर आदेश संपला आणि अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण प्रकरणाचा दुसरा भाग तोवर सुरू झाला होता. वादींना नमुना हवा होता. त्यांनी १२ कोटी चॅट मागितल्या, ओपनएआयने २ कोटी देऊ केल्या, वादींनी ते मान्य केलं. नंतर ओपनएआयने पवित्रा बदलला आणि म्हटलं की सगळ्या २ कोटी देण्याऐवजी शोधशब्द लावून संबंधित तेवढ्याच देऊ, कारण ९९.९९ टक्के चॅटचा खटल्याशी काही संबंध नाही. ७ नोव्हेंबर २०२५ला न्यायाधीश वांग यांनी ओळख काढून टाकलेल्या सर्व २ कोटी चॅट द्यायला सांगितलं. फेरविचाराचा अर्ज २ डिसेंबरला फेटाळला गेला आणि ५ जानेवारी २०२६ला स्टाइन यांनी आदेश कायम केला. ओपनएआयने शेअर बाजारातल्या इनसायडर ट्रेडिंगबद्दलच्या राज राजरत्नम यांच्या खटल्यातल्या फोन टॅपिंगच्या निकालाचा आधार घेतला होता. स्टाइन यांनी फरक दाखवला: तिथे लोकांचं बोलणं त्यांच्या नकळत ऐकलं गेलं होतं, इथे वापरकर्त्यांनी मजकूर आपणहून कंपनीला दिला आणि नोंदींवर कंपनीची मालकी आहे याबद्दल वाद नाही. हे दोन मुद्दे प्रत्येक वापरकर्त्याने लक्षात ठेवावेत असे आहेत.

हा नमुना डिसेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळातल्या चॅटचा, म्हणजे कंपनीकडे शिल्लक असलेल्या चॅटचा. ज्यांनी वेळच्या वेळी पुसल्या, त्यांच्या चॅट त्यात येण्याचं कारण नाही. डिलीट निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढून बटण दाबणंच सोडणाऱ्यांनी हे पाहावं. डिलीट उपयोगी आहेच, फक्त ते ३० दिवस उशिरा लागू होतं आणि मधल्या काळात कायदा आडवा येऊ शकतो.

वादींच्या हाती जाणाऱ्या चॅटवर संरक्षक आदेश आहे, पाहणाऱ्यांवर बंधनं आहेत, नाव-पत्ता-फोन काढून टाकायची प्रक्रिया झालेली आहे. तरी ओळख काढणं म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं, कारण आपणही मजकूर चढवण्याआधी तेच करतो आणि तिथेच चुकतो.

त्या नाशिकच्या नोटिशीकडे परत येऊ. ऑफिसातल्या मुलाने काळजी घेऊन अशिलाचं नाव आणि पॅन खोडला. जीएसटी क्रमांक तसाच ठेवला, कारण नोटिशीत त्याचा उल्लेख जागोजागी आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजेच पॅन. म्हणजे खोडलेला पॅन शेजारच्याच ओळीत पूर्ण छापलेला आहे. वर तोच क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव समोर येतं, लॉगिन न करता. सातबाऱ्याचंही तसंच आहे. मालकाचं नाव काढलं, पण जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर राहिला, तर महाभूलेखवर कुणालाही खातेदार दिसतो. यंत्राने ओळख काढताना मराठीत आणखी एक अडचण येते. देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं नाहीत आणि सागर, प्रकाश, कविता ही नावंही आहेत नि साधे शब्दही, त्यामुळे नाव ओळखायचा एक मोठा आधारच निघून जातो.

चालणारी पद्धत अशी. मजकूर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घ्यायचा. नावांच्या जागी ‘पक्षकार १’, ‘पुरवठादार २’, क्रमांकांच्या जागी ‘क्रमांक क’ असं लिहायचं आणि कोण म्हणजे कोण याचा तक्ता आपल्या संगणकावरच ठेवायचा. नोटिशीचा संदर्भ क्रमांक, ई-वे बिल, बिलांचे नंबर, वाहन क्रमांक, सर्व्हे किंवा गट नंबर हे सगळं बदलायचं. रकमा मसुद्यासाठी लागत असतील तर ठेवाव्यात, पण तारखा सरकवल्या तरी बहुतेक वेळा चालतं. मात्र मुदतीचा हिशेब असेल तर सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवाव्यात, नाहीतर उत्तर चुकतं. मसुदा आला की तक्ता पाहून खरी नावं परत बसवायची. हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

पीडीएफवर काळी पट्टी ओढून चढवणं सगळ्यात धोक्याचं. बऱ्याच प्रोग्राममध्ये ती पट्टी नुसती वर ठेवलेली असते, खालचा मजकूर फाइलमध्ये शाबूत असतो आणि चॅटबॉट तो वाचतो. तपासायचं कसं? पट्टीवरून कर्सर ओढून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. फाइलच्या नावातही अशिलाचं आडनाव असतं, ते कुणी बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर वरच्या पट्टीत नाव किंवा नंबर असतो, तो भाग कापूनच टाकावा.

सेटिंग्जमध्ये काय करायचं ते थोडक्यात, कारण याची माहिती सगळीकडे मिळते, फक्त अर्धवट मिळते. चॅटजीपीटीत सेटिंग्ज, मग डेटा कंट्रोल्स, आणि ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद. हे बंद असतानाही एखाद्या उत्तराला अंगठा वर किंवा खाली दिला, तर त्या अभिप्रायासोबत ती संपूर्ण चॅट प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकते. त्यामुळे कामाच्या चॅटमध्ये अंगठ्याला हात लावू नये. आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे. चॅट नजरेआड होते, मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही. मेमरी वेगळी असते: चॅट पुसली तरी त्यातून मेमरीत नोंदवलेली गोष्ट राहते, ती पर्सनलायझेशनमध्ये जाऊन वेगळी पुसावी लागते. प्रोजेक्टमध्ये किंवा स्वतः बनवलेल्या जीपीटीत चढवलेल्या फाइल तो प्रोजेक्ट किंवा जीपीटी असेपर्यंत राहतात. शेअर केलेल्या लिंकची यादी डेटा कंट्रोल्समध्येच आहे, ती महिन्यातून एकदा उघडून रिकामी करावी. जुलै २०२५मध्ये अशाच शेअर केलेल्या चॅट गूगलच्या शोधात येऊ लागल्या होत्या, कारण लिंक बनवताना ‘शोधात दिसू द्या’ अशा अर्थाची एक चौकट लोक टिक करत होते. ओपनएआयने महिनाअखेरीस ती सोय काढून टाकली.

एपीआयवर काम करणाऱ्यांसाठी: १ मार्च २०२३पासून एपीआयचा मजकूर सांगितल्याशिवाय प्रशिक्षणात जात नाही, पण गैरवापर तपासण्याच्या नोंदी ३० दिवस राहतात. शिवाय रिस्पॉन्सेस एपीआय उत्तरं मुळातच साठवून ठेवतो, ते नको असेल तर प्रत्येक विनंतीत ‘स्टोअर’ची किंमत ‘फॉल्स’ द्यावी लागते. ते दिलं म्हणजे झीरो रिटेन्शन मिळालं असं नाही. त्याला कंपनीची वेगळी मंजुरी लागते.

इतर सेवांच्या मुदती वेगळ्या आहेत. जेमिनीत अ‍ॅक्टिव्हिटी चालू असेल तर मजकूर मुळात १८ महिने राहतो, ती मुदत ३ महिन्यांवर आणता येते. अ‍ॅक्टिव्हिटी बंद केली तरी चॅट ७२ तासांपर्यंत असतात, आणि माणसांनी तपासायला घेतलेल्या चॅट खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवल्या जातात. त्या आपण अ‍ॅक्टिव्हिटी पुसली तरी जात नाहीत. क्लॉडने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलेल्या अटींनुसार वैयक्तिक खात्यावर प्रशिक्षणाला संमती दिली तर मजकूर पाच वर्षांपर्यंत राहतो, न दिल्यास पुसलेल्या चॅटला ३० दिवसांची मुदत आहे. आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मेटा एआयला हाक मारून जे प्रश्न विचारतात, त्यांनी हे धरून चालावं की ग्रुपमधलं आपसातलं बोलणं टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) असलं तरी मेटा एआयला उद्देशून लिहिलेलं मेटाकडे जातं.

भारतीय कायदा यात किती मदत करेल? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यातल्या कलम १२ने डेटा पुसून मागण्याचा अधिकार दिला आहे, पण लागू कायद्यासाठी ठेवणं आवश्यक असेल तर नाही, हा अपवादही तिथेच आहे. दोन देशांच्या न्यायालयांची ओढाताण कशी असते ते दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात कंपनीने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं की प्रशिक्षणाचा डेटा पुसायचा आदेश इथे दिला, तर अमेरिकेत चालू खटल्यामुळे तो जपण्याच्या जबाबदारीशी संघर्ष होईल. त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं टाळायला सांगितलं, तेही सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेचं कारण देऊन.

ज्यांचं कामच गोपनीय कागदांचं आहे, वकील, सीए, डॉक्टर, समुपदेशक, त्यांनी काही कामं स्वतःच्या संगणकावरच्या मॉडेलवर न्यावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ओलामा किंवा एलएम स्टुडिओ हे अशी मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणारे मोफत प्रोग्राम आहेत. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतले आकडे, त्यांवरून त्याचा आकार ठरतो) मॉडेल जागा वाचवायला चार बिटांत दाबलेलं घेतलं तर फाइल साधारण ५ जीबीची होते आणि १६ जीबी रॅम असलेल्या संगणकावर ग्राफिक्स कार्ड नसतानाही चालते, सावकाश. एकदा उतरवलं की वायफाय बंद करून वापरता येतं आणि तसंच वापरून खात्री करून घ्यावी. सारांश काढणं, इंग्रजी पत्राची भाषा सुधारणं, यादी लावणं ही कामं होतात. मराठी मात्र या आकाराच्या मॉडेलना कच्ची येते. विभक्ती चुकतात, लिंग चुकतं, वाक्य हिंदीकडे झुकतं, त्यामुळे मराठी मसुदा त्यांच्यावर सोडू नये. आणि हे प्रोग्रामही जुन्या चॅट डिस्कवर ठेवतात. ऑफिसच्या संगणकाचं होम फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आपोआप चढत असेल तर त्या चॅटही सोबत चढतील, म्हणून तो फोल्डर सिंकमधून आधी वगळावा आणि मगच पहिला कागद उघडावा.